ही ओळ कोणाची? मॅडम, तुमचे मनापासून आभार

आदरणीय मॅडम,

तुम्ही टीम सोडलीत त्या दिवशी नीट बोलणं झालं नाही. म्हणून हे पत्र, आणि उघडच लिहितोय. अशाच अडचणीत कुणी असेल तर त्यालाही उपयोग होईल.

रोज रात्री आपल्या पोस्टग्रेस डेटाबेसवर क्वेऱ्या लॉकवर अडकायच्या, म्हणजे दुसऱ्या कुणीतरी अडवून ठेवलेल्या डेटाची वाट बघत थांबायच्या. सर्व्हरचा लॉग सांगायचा तो फक्त प्रोसेस क्रमांक. अ‍ॅप्लिकेशन्स पाच, डेटाबेस युजर मात्र एकच. मध्ये पीजीबाउन्सर (अ‍ॅप्लिकेशन्सची कनेक्शन्स एकत्र सांभाळून डेटाबेसकडे नेणारा प्रोग्राम) असल्यामुळे आयपीही एकच. मी ते लॉग कितीतरी रात्री चाळले. तुम्ही शेजारी येऊन बसलात आणि एका ओळीवर बोट ठेवून विचारलंत, "ही कोणाची?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

लॉग लाइन प्रीफिक्समध्ये, म्हणजे लॉगच्या प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला काय छापायचं ते ठरवणाऱ्या सेटिंगमध्ये, मुळात वेळ आणि प्रोसेस क्रमांक एवढंच असतं. तुम्ही त्यात टक्क्याचं चिन्ह आणि 'ए' घातलंत, म्हणजे अ‍ॅप्लिकेशनचं नाव. सर्व्हर रीस्टार्टही करावा लागला नाही, रीलोड पुरला. 2010 साली आलेल्या पोस्टग्रेस 9.0 पासून ही सोय आहे, आणि मी ती कधी वापरलीच नव्हती!

पण जावाच्या सगळ्या सेवांपुढे जेडीबीसी ड्रायव्हरचंच (जावाला डेटाबेसशी जोडणाऱ्या लायब्ररीचंच) नाव उमटलं, बाकी ठिकाणी नुसतं '[unknown]'. तेव्हा तुम्ही प्रत्येक टीमकडे स्वतः गेलात. कनेक्शन स्ट्रिंगमध्ये नाव घालायला लावलंत, स्क्रिप्टांसाठी एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल दिलंत. नाव 64 अक्षरांपेक्षा लहान हवं आणि साध्या रोमन अक्षरांत, हेही बजावलंत. पीजीबाउन्सर हे नाव सर्व्हरपर्यंत पोचवतो, ही गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटली. आयपी हरवतो, नाव टिकतं.

त्याच रात्री दोषी सापडला. रिपोर्टची सेवा ट्रान्झॅक्शन उघडून अपडेट करायची आणि कमिट न करता, म्हणजे बदल पक्का करून लॉक न सोडता, बाहेरच्या एपीआयची वाट बघत बसायची. पीजी स्टॅट अ‍ॅक्टिव्हिटीमध्ये (चालू कनेक्शन्सची यादी) तिच्या नावापुढे 'आयडल इन ट्रान्झॅक्शन' (ट्रान्झॅक्शन उघडं, पण काम थांबलेलं) लिहिलेलं स्पष्ट दिसलं.

मी खूश झालो, तर तुम्ही लगेच सावध केलंत: हे नाव क्लायंट स्वतः सांगतो, कुणीही काहीही सांगू शकतो. शोधायला ठीक, सुरक्षेसाठी नाही. त्यासाठी प्रत्येक अ‍ॅप्लिकेशनला वेगळा रोल (डेटाबेस युजर) हवा. ते काम तुम्ही सुरू करून गेलात. तीन रोल झालेत, उरलेले दोन मी याच महिन्यात पुरे करतोय.

आपला,
तुमच्या टीममधला एक सहकारी