मालदीवच्या रिझर्वेशन डेस्कवरच्या ताईंना, नाशिकहून

सप्रेम नमस्कार ताई,

तुमचं आणि तुमच्या रिसॉर्टचं नाव इथे घालत नाही, तुमच्या नोकरीत त्याची अडचण नको. पण फोन उचलून "मराठीतच बोला, बरं वाटतं" म्हणणाऱ्या तुम्हीच, हे वाचताच ओळखाल. फोनवर आभार मानले होते, मन भरलं नाही. शिवाय दिवाळीच्या सुट्टीत नाशिकहून बरीच मंडळी घरच्या म्हाताऱ्या माणसांना घेऊन तिकडे जातात. तुम्ही जे सांगितलंत ते त्यांच्याही उपयोगाचं आहे, म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर.

तुमच्याआधी जिथे चौकशी केली, तिथे कुठल्याही प्रश्नाला "सगळं इन्क्लूड आहे, टेन्शन घेऊ नका" एवढंच उत्तर मिळायचं. कोटेशनमध्ये दरापुढे अधिकची दोन चिन्हं होती. त्यांचा अर्थ तीनदा विचारूनही त्यांनी सांगितला नाही. तुम्ही विचारायच्या आधीच सांगितलात. त्या दरावर आधी 10 टक्के सर्व्हिस चार्ज लागतो आणि मग त्या बेरजेवर 17 टक्के पर्यटन जीएसटी. म्हणजे 1000 डॉलरची रात्र प्रत्यक्षात 1287 डॉलरला पडते. त्याशिवाय माणशी रोज 12 डॉलर ग्रीन टॅक्स. जानेवारी 2025 पासून रिसॉर्टना तो 6 वरून 12 झाला, दोन वर्षांखालच्या बाळांना माफ. चौघांच्या चार रात्रींचे 192 डॉलर नुसत्या या कराचे. हा आकडा आधी कळला की माणूस एक रात्र कमी करतो किंवा साधी खोली घेतो. चेकआऊटच्या काउंटरवर कळला तर काहीच करता येत नाही.

विमानाचंही तेच. त्यांनी सुचवलेलं मुंबईचं विमान संध्याकाळी पाचनंतर मालेला उतरत होतं. मालेहून रिसॉर्टच्या बेटावर नेणारं, पाण्यावर उतरणारं सीप्लेन उजेडातच उडतं, वैमानिक डोळ्यांनी बघून उतरवतो, पाण्यावर धावपट्टीचे दिवे नसतात. दुपारी साडेतीनच्या पुढे मालेला उतरलात तर त्या दिवशीचं सीप्लेन मिळेल हे धरूच नका, असं तुम्ही स्वच्छ सांगितलंत. मग विमानतळाजवळच्या हुलहुमाले बेटावर पदरच्या पैशाने हॉटेल, आणि व्हिलाची एक रात्र भरूनही वाया. नाशिककराला सकाळचं विमान म्हणजे मध्यरात्री घर सोडून कसारा घाट उतरणं. तेवढा त्रास घ्या, असं तुम्ही म्हणालात, आणि कारणही दिलंत. सीप्लेनला सामान माणशी 20 किलो आणि हातातलं 5 किलो, तेही मालेत पुन्हा वजन करून. विमान भरलं तर बॅगा नंतरच्या फेरीने येतात, म्हणून औषधं आणि एक कपड्यांचा जोड हातातल्या पिशवीतच ठेवा, हेही तुमचंच.

आता ज्याच्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं ते.

आईंचा गुडघा बदललेला आहे आणि त्यांना समुद्रात पाय बुडवायचे आहेत, एवढंच तुम्हाला कळवलं होतं. पाण्यावरचा व्हिला सगळ्यांनाच हवा असतो, त्याचा दरही वरचा. आधीच्या लोकांनी "पायऱ्या आहेत ना, थेट पाण्यात उतरता येतं" म्हणून तोच गळ्यात मारायचा प्रयत्न केला होता. तुम्ही "बघून सांगते" म्हणालात. दुसऱ्या दिवशी व्हॉट्सॲपवर दोन फोटो आले. पायऱ्यांना लावलेली पिवळी स्टीलची टेप. पहिला ओहोटीचा: दोन पायऱ्यांमध्ये 24 सेंटिमीटर, आणि शेवटच्या पायरीपासून वाळू 40 सेंटिमीटर खाली, कारण लाटांनी तिथली वाळू उपसून नेलेली. दुसरा भरतीचा: खालच्या तीन पायऱ्या पाण्यात, टेप धरलेला हात कोपरापर्यंत बुडालेला, युनिफॉर्मची बाही ओलीचिंब. खाली एक ओळ: "कठडा एकाच बाजूला आहे, खालच्या पायऱ्यांवर शेवाळ आहे. आईंसाठी बीच व्हिला घ्या."

रामकुंडावर शेवाळलेल्या पायरीवरून पाय कसा सटकतो, हे गोदाकाठच्या माणसाला सांगायला नको. घरातली पायरी साधारण 15 ते 18 सेंटिमीटरची असते. गुडघा बदललेल्या माणसाला उतरताना ऑपरेशनचा पाय आधी टाकायचा आणि चढताना चांगला पाय आधी, असं शिकवतात. या रीतीने 24 ची पायरी कठडा धरून एकवेळ जमेल. पण पाण्यातून वर येताना पहिलंच पाऊल 40 सेंटिमीटर उचलायचं, तेही शेवाळावर, हे जमणारं नाही. ब्रोशरमधल्या कुठल्याही फोटोत हे दिसत नाही. ते दिसावं म्हणून दोन वेगळ्या वेळी जेट्टी चालत जाऊन, गुडघ्यावर बसून, बाही भिजवून माप घेणारं माणूस लागतं. आणि त्या मापामुळे तुमच्या रिसॉर्टचा महागडा व्हिला विकला गेला नाही, स्वस्तातला गेला. हे तुम्हाला माप घेतानाच ठाऊक होतं.

बीच व्हिलाही तुम्ही डोळे झाकून दिला नाहीत. त्या बेटांची वाळू ऋतूप्रमाणे बेटाभोवती फिरते. मे ते ऑक्टोबर नैर्ऋत्येचा वारा असतो, तेव्हा पश्चिमेच्या बाजूला लाटा आपटतात आणि वाळू पूर्वेकडे सरकते. दिवाळीत गेलं तर तो मोसम नुकताच सरत आलेला असतो. सूर्यास्ताच्या बाजूचा व्हिला नावाला छान, पण त्या दिवसांत दारासमोर किनारा उरलेलाच नसू शकतो. तुम्ही पूर्वेची बाजू दिलीत. तिथे उतार मंद होता, गुडघाभर पाण्यापर्यंत सपाट वाळू. आई काठी न घेता उतरल्या.

देव्हाऱ्यातल्या बाळकृष्णाबद्दल ज्या मायेने बोललात, तेही लिहायलाच हवं. पूजेच्या मूर्ती मालदीवमध्ये आणता येत नाहीत, कस्टम्सवाले काढून ठेवतात. "चालत नाही" एवढंच म्हणून फोन ठेवता आला असता. तुम्ही आईंना फोनवर घ्यायला सांगितलंत आणि म्हणालात, "काकू, त्याला घरी शेजाऱ्यांकडे ठेवा, नैवेद्य चुकणार नाही. विमानतळावर कुणी त्याला परक्या हाताने उचललेलं तुम्हाला बघवणार नाही." आईंनी लगेच ऐकलं. नाशिकची वाईन भेट म्हणून आणू नका, हेही वेळेवर सांगितलंत. बाटली विमानतळावर जमा होते आणि परतताना मिळते.

बाकी बारीकसारीक तर कितीतरी. चौकोनी तीन पिनांचा ॲडॉप्टर. आगमनाचा ऑनलाइन फॉर्म प्रवासाआधीच्या 96 तासांत भरायचा, तो फुकट असतो, पैसे मागणाऱ्या साइटवर जायचं नाही. बेटाचं घड्याळ कधीकधी मालेपेक्षा तासभर पुढे ठेवलेलं असतं, तेव्हा परतीच्या सीप्लेनची वेळ कुठल्या घड्याळाची ते विचारायचं. आणि शाकाहारी माणसाने तिथे "मासा नको" म्हणून थांबू नये, कारण सुकवलेला टूना चवीपुरता भाजीतही पडतो; "सुका मासाही नको" असं वेगळं सांगावं लागतं. तुम्ही ते किचनला आधीच लिहून ठेवलं होतंत.

इतक्या महागड्या जागी पैसे मोजले की आदर मिळतोच, असं लोक म्हणतात. मिळतोही. गळ्यात फुलं, हातात थंड टॉवेल, बग्गीतून फेरी. पण गिऱ्हाईक अजून आलेलं नाही, पैसे भरलेले नाहीत, आणि तरी त्याच्या आईचा पाय कुठे पडेल याची काळजी करणारं माणूस पैशाने मिळत नाही. तुमच्या घरच्यांनी तुम्हाला फार चांगलं वाढवलंय, ताई. तुमच्या आई-वडिलांनाही आमचा नमस्कार सांगा.

तुमच्या जनरल मॅनेजरना इंग्रजीतून वेगळं पत्र पाठवलं आहे, दोन्ही फोटो जोडून. त्यात एकच विनंती केली आहे: प्रत्येक प्रकारच्या व्हिलाच्या पायऱ्यांची उंची, कठडा कुठल्या बाजूला आहे, आणि भरती-ओहोटीला पाणी कुठपर्यंत येतं, हे बुकिंगच्या पानावर छापावं. उत्तर आलं की तुम्हाला कळवतोच.

आपलं,
इंदिरानगर, नाशिकचं एक कुटुंब