चार वादकांच्या मैफलीला गर्दीची फूटपट्टी नको

माननीय सांस्कृतिक कार्यमंत्री महोदय,
स. न. वि. वि.

ना-नफा तत्त्वावर चेंबर म्युझिकच्या, म्हणजे मोजक्या वादकांनी छोट्या सभागृहात वाजवायच्या पाश्चात्त्य अभिजात संगीताच्या, मैफली भरवणाऱ्या एका संस्थेचा मी स्वयंसेवक आहे. अनुदानाच्या अर्जात ‘अपेक्षित प्रेक्षकसंख्या’ हा रकाना आला की आमचा हात अडखळतो. आम्ही तिथे तीनशे लिहितो, एखादा महोत्सव दहा हजार लिहितो, आणि गुणांकनात आम्ही तिथेच मागे पडतो.

छोटे सभागृह हा आमचा नखरा नव्हे. स्ट्रिंग क्वार्टेट म्हणजे दोन व्हायोलिन, एक व्हिओला, एक चेलो अशी गजाने वाजवायची चार तंतुवाद्ये. समोर ना कंडक्टर, ना ध्वनिवर्धक. पहिला व्हायोलिनवादक गज उचलताना श्वास घेतो, तोच बाकी तिघांना इशारा. चांगल्या सभागृहात तो पुढच्या रांगांनाही ऐकू जातो. लंडनचा विग्मोर हॉल १९०१ पासून या संगीताचे माहेरघर आहे. तिथेही खुर्च्या साधारण साडेपाचशेच. त्या वाढवल्या तर तो विग्मोर हॉल उरणार नाही.

मग तिकीट वाढवा, असा सल्ला मिळतो. विल्यम बॉमोल आणि विल्यम बोवेन या अमेरिकी अर्थतज्ज्ञांनी १९६६ मध्येच यातली गोम दाखवून दिली. कारखान्यात यंत्रे आली, कमी माणसांत जास्त माल निघू लागला, पगारही वाढले. क्वार्टेटला मात्र अठराव्या शतकात, संगीतकार हायडनच्या काळी, चार वादक लागत, आजही चारच लागतात. बेथोव्हनचे ओपस १३१ हे क्वार्टेट त्याच्या काळीही सुमारे चाळीस मिनिटांचे होते, आजही आहे. भरभर वाजवून खर्च वाचत नाही. वादकाला घरभाडे मात्र आजच्या दराने भरावे लागते. ही तूट गैरकारभाराची नाही, या कलेच्या घडणीतलीच आहे. ती सगळी तिकिटावर टाकली, तर विद्यार्थी आणि निवृत्त मंडळी आधी गळतील.

पण पैशापेक्षाही आम्हाला पिडतात त्या तारखा. नामांकित क्वार्टेटचे दौरे दीड-दोन वर्षे आधी ठरतात. सार्वजनिक सभागृह आम्हाला तारीख देते तीन महिने आधी, आणि तीही एखादा सरकारी सोहळा आला की काढून घेते. कलाकाराला कोणत्या तोंडाने करारपत्र पाठवायचे? भाडेही व्यावसायिक दराने. शिवाय पियानो! तो जागचा हलवला की सूर पुन्हा जुळवावे लागतात आणि त्यासाठी सभागृह काही तास शांत लागते. ते तासही आमच्या बिलात. एसीच्या घरघरीबद्दल लिहीत नाही. अगदी हळुवार जागी ती पाचवे वाद्य होऊन बसते, एवढेच.

तेव्हा विनंती अशी की, प्रेक्षकसंख्येऐवजी सभागृह किती टक्के भरले ते पाहा. शाळांमधली सत्रे, नव्या रचनांना दिलेली संधी, तरुण वादकांना मिळालेले मानधन यांनाही गुण द्या. अनुदान दरवर्षी नव्याने मागायला न लावता निदान तीन वर्षांसाठी मंजूर करा, म्हणजे करार करताना हात थरथरणार नाही.

रक्कम वाढवायला अर्थखात्याची संमती लागेल, हे आम्ही जाणतो. सभागृहाच्या तारखा दोन वर्षे आधी द्यायला मात्र आपल्या खात्याचे एक परिपत्रक पुरेल. ते या हंगामाआधी निघावे.

आपला,
चेंबर म्युझिक संस्थेचा एक स्वयंसेवक