पंप न बदलणाऱ्या मिस्त्रीभाऊंस

मिस्त्रीभाऊ, सप्रेम नमस्कार.

आमच्या सात सीटर गाडीच्या पॉवर स्टेअरिंगचा आवाज तुम्ही घालवलात, त्याला आता बरेच दिवस झाले. आवाज परत आलेला नाही. पैसे दिले, चहा झाला, पण मनासारखे आभार मानायचे राहून गेले, म्हणून हे पत्र. तुमचं आणि गॅरेजचं नाव मुद्दाम लिहीत नाही. आपल्या परतवाडा-बहिरम पट्ट्यातले गाडीवाले तुम्हाला ओळखतातच. बाकीच्यांना तुमची कामाची रीत कळली तरी पुष्कळ झालं.

गाडी जुनी, डिझेलची, घरातल्या सगळ्यांच्या कामाची. सासूबाईंना डोळे दाखवायला अमरावतीला न्यायचं, संत्र्याचे कॅरेट भरायचे, पोळ्याला नणंदेला आणायचं, थंडीत बहिरमच्या यात्रेला जायचं. चालवणारी बहुतेक वेळा मीच. त्यामुळे सकाळी गाडी सुरू करून गोठ्याजवळून वळवताना बॉनेटखालून ‘घूंऽऽ’ असा आवाज येऊ लागला, तो पहिल्यांदा माझ्याच कानावर पडला. स्टेअरिंग सरळ असलं की कमी, वळवलं की जास्त, एका बाजूला शेवटपर्यंत नेलं की घरातले बाहेर येऊन पाहतील इतका. सुरुवातीला गाडी तापली की उतरायचा. मग उतरेनासा झाला आणि स्टेअरिंग मध्येच जड, मध्येच हलकं लागायला लागलं. चिखलदऱ्याच्या घाटात असं स्टेअरिंग हातात आलं की शेजारी कोण काय बोलतंय तेही ऐकू येत नाही.

सल्ल्यांना तोटा नव्हता. जुन्या गाड्या आवाज करणारच, असं कोणी म्हणालं. ब्रेक ऑइल ओता, असंही कोणी सुचवलं. शहरातल्या एका मोठ्या गॅरेजात बॉनेट उघडलं, एकदा स्टेअरिंग हलवून पाहिलं आणि तेलाच्या दाबाने स्टेअरिंग हलकं करणारा पंप गेला, चाकं वळवणारी रॅकही बदलावी लागेल, असं सांगून कागदावर आकडा लिहून दिला. त्या आकड्यात आमच्या बागेचं खत आलं असतं. तिथे ना कोणी पंप फिरवणाऱ्या पट्ट्याला हात लावला, ना स्टेअरिंगच्या तेलाच्या डबीचं झाकण उघडलं.

तुम्ही बॉनेट उघडायच्या आधी विचारलंत, “गाडी कोन चालवते जी?” यजमानांनी माझ्याकडे बोट केलं. “मंग ताई, तुमीच सांगा, आवाज कवा येते?” थंड गाडीत जास्त की गरम? जागेवर उभी असताना वळवलं तर येतो का? इंजिनाला रेस दिली की वाढतो का? वळताना सुरुवातीला ‘चीं’ करून थांबतो, की वळवत असेपर्यंत चालूच राहतो? खड्ड्यात ‘खट’ वाजतं का? मला हे सगळं नीट सांगता आलं, कारण तुम्ही नीट विचारलंत. आजवर गॅरेजात माझ्या तोंडून एवढं कोणी ऐकून घेतलं नव्हतं. माझ्यासाठी पहिले आभार त्याचेच आहेत.

पुढचं मी इथे थोडं विस्ताराने लिहिते, कारण असाच आवाज घेऊन फिरणारे आपल्याकडे खूप असणार.

तुम्ही आधी पट्टा पाहिलात. अंगठ्याने दाबून ताण पाहिला, चालत्या इंजिनावर लांबून थोडं पाणी शिंपडलं. पट्टा घसरत असता तर पाण्याने आवाज क्षणभर बदलला असता. बदलला नाही. मग हातभर लांबीचा स्क्रूड्रायव्हर घेतलात, टोक पंपाच्या अंगाला टेकवलं, मूठ कानाला लावली आणि मला स्टेअरिंग वळवायला सांगितलं. तसंच अल्टरनेटरवर, तसंच पट्ट्याच्या रोलरवर. आवाज पंपातच आहे हे ठरलं. तरी तुम्ही ‘पंप गेला’ म्हणाला नाहीत. इंजिन बंद करून पट्टा उतरवलात आणि पंपाची पुली माझ्यासमोर हाताने फिरवून दाखवलीत. ती सारखी फिरत होती, कुठे अडकत नव्हती, बाजूला हलवली तर ढिली लागत नव्हती. बेअरिंग शाबूत.

त्यानंतर डबीचं झाकण. एरवी लालसर, पारदर्शक दिसायला हवं ते तेल तपकिरी झालेलं आणि वर बारीक बुडबुड्यांचा फेस. पट्टा चढवून गाडी चालू केलीत, डबीवर टॉर्च धरलात आणि मला म्हणालात, “आता बंद करा.” इंजिन थांबलं तशी डबीतली पातळी आपोआप वर चढली. तेल कोणी ओतलं नव्हतं! दाबाखाली चेपलेली हवा मोकळी झाली की ती फुगते आणि तेलाला वर ढकलते, हे तुम्ही सांगितलंत, आणि पुढे तुमचं ते वाक्य: “पंप चांगला हाय ताई. त्याले तेल भेटून नाई राह्यलं, हवा भेटून राह्यली.”

यजमानांना ते पटेना. तेल कुठे गळतच नाही, खाली अंगणात एक थेंब नाही, मग हवा शिरेल कुठून? तुम्ही त्यांना उलट विचारलंत, विहिरीवरची मोटर हवा घेते तेव्हा तुम्ही काय पाहता? सक्शनचा पाइप, ते म्हणाले. तो पाइप बाहेरून गळतो का? नाही गळत. त्या एका प्रश्नाने आमचं सगळं घर शहाणं झालं. डबीकडून पंपाकडे येणाऱ्या नळीत पंप तेल ओढत असतो, तिथे आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी. भेग पडली तर तेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. पंपाच्या पुढच्या नळीत मात्र स्टेअरिंग पूर्ण वळवल्यावर साठ-सत्तर बारच्या वर दाब जातो. गाडीच्या टायरात जेमतेम सव्वादोन बार असतो, यावरून ताकद कळावी. त्या नळीला भेग पडली असती तर तेल सगळीकडे उडालं असतं आणि रोग कोणालाही दिसला असता.

मी आठवीला विज्ञान शिकवते. बल आणि दाब हा धडा दरवर्षी घेते, पास्कलचा नियमही सांगते. यंदा फळ्यावर मी मोटर, विहीर आणि तुमची ती नळी काढली. शेतकऱ्यांची पोरं, त्यांना फार समजवावं लागलं नाही. क्रायस्लरची इम्पीरियल ही पॉवर स्टेअरिंग घेऊन विक्रीला आलेली पहिली मोटारगाडी, 1951 सालची, हेही त्यांना सांगितलं. तेलाच्या दाबाने चाकं वळवायची हे तत्त्व आमच्या गाडीपर्यंत तेच राहिलंय. नव्या पुष्कळ गाड्यांत आता विजेवरचं स्टेअरिंग असतं, त्यात ना पंप ना तेल.

नळी काढून तुम्ही माझ्या हातात दिलीत. सरळ धरली तर काळी, धुळीने माखलेली, कुठे काही दिसेना. “वाकवा,” म्हणालात. वाकवली तशी क्लिपजवळ रबरावर नखाएवढ्या चिरा उघडल्या, एकीशेजारी एक. रबर कडक, बोटाने दबत नव्हतं. इंजिनाची धग आणि वर आपल्याकडचा उन्हाळा, मे महिन्यात पारा 45 अंशांच्या आसपास. त्या रबराने किती वर्षं तग धरला हेच नवल. डबीच्या तळाची जाळीही काळ्या गाळाने निम्मी बुजलेली निघाली. म्हणजे पंपाला एकीकडून तेल कमी आणि दुसरीकडून हवा जास्त. थंडीत तेल घट्ट होतं, ओढायला जड जातं, म्हणून आवाज सकाळी वाढायचा, हेही तेव्हाच उलगडलं.

नवी नळी आणताना तुम्ही दुकानदाराशी फोनवर भांडलात ते मी ऐकलं. तो रेडिएटरची नळी पाठवतो म्हणत होता. पाण्याच्या नळीचं रबर तेलात फुगतं, महिनाभरात पुन्हा तेच, असं त्याला ठणकावलंत आणि तेलाचीच नळी येईपर्यंत आम्हाला थांबवलंत. थांबल्याचं काही वाटलं नाही. ब्रेक ऑइलचं विचारलं तेव्हा तुमचा चेहरा पाहण्यासारखा झाला. ते ग्लायकॉलचं असतं, स्टेअरिंगची सीलं त्याने फुगून खराब होतात. ते कोणी खरंच ओतलं असतं तर पंपापासून रॅकपर्यंत सगळं उघडावं लागलं असतं.

डबीकडे तेल परत आणणारी नळी बाटलीत सोडून जुनं तेल काढलंत, जाळी धुतलीत, नवं तेल भरलंत. गाडीखाली लोखंडी घोडे म्हणजे आधाराचे स्टँड लावून पुढची चाकं उचलली आणि इंजिन बंद ठेवून मला स्टेअरिंग सावकाश या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायला लावलंत. तुम्ही डबीपाशी, हातात तेलाचा डबा. “हळू, ताई. टोकाले थांबू नका.” बुडबुडे वर येत होते, तुम्ही तेल घालत होता. मग इंजिन चालू करून पुन्हा तसंच. कुठेही घाई नाही. हवा काढायचं हे काम मुळात कंटाळवाणं, आणि बहुतेक ठिकाणी इथेच उरकाउरकी होते, असं मला वाटतं. शेवटी मी स्टेअरिंग वळवलं तेव्हा फक्त इंजिनाचा आवाज होता. यजमान म्हणाले, आणखी एकदा वळव. वळवलं.

बिलात नळी, क्लिपा, तेल आणि तुमची मजुरी. शहरातल्या कागदावरच्या आकड्याच्या ते जवळपासही नव्हतं. वर तुम्ही सांगितलंत की हवा घेत असंच चालवलं असतं तर पंप आतून झिजून खरोखरच गेला असता, कारण फुटणारे बुडबुडे लोखंडही खातात. घाटात पट्टा तुटला तर काय, ही माझ्या मनातली खरी भीती होती. स्टेअरिंग जड होईल पण वळेल, चाकांशी त्याचा सांधा लोखंडी आहे, घाबरू नका, वेग कमी करा आणि बाजूला घ्या, असं तुम्ही सांगितलंत. त्यानंतर मी घाटात निवांत गाडी चालवते. याची किंमत बिलात कुठे लिहिलेली नव्हती, भाऊ, आणि मला तरी ती करता येत नाही.

सांगितल्याप्रमाणे तेल तपासते आहे. पातळी हलली नाही, रंग लाल आहे, फेस नाही. स्टेअरिंग शेवटच्या टोकाला नेऊन धरून ठेवत नाही. गाडी शिकणाऱ्या पुतण्यालाही तीच सवय लावली आहे.

एक काम आहे. माझा भाऊ येत्या रविवारी त्याची पिकअप घेऊन तुमच्याकडे येईल. त्याचंही स्टेअरिंग वाजतं, पण घूं करत नाही. खड्ड्यात ‘खट’ वाजतं आणि सरळ रस्त्यावर गाडी डावीकडे ओढते. तेल नीट आहे, पट्टाही पाहिला. टाय रॉडचा एंड, म्हणजे चाक वळवणाऱ्या दांड्याचा टोकाचा सांधा, असेल असं मी त्याला म्हटलंय, पण तुम्ही पाहिल्याशिवाय काही बदलू नको, असंही बजावलंय. त्याच्याबरोबर आंबिया बहाराची संत्री पाठवते आहे, ती वहिनींना द्या.

तुमची,
अचलपूर तालुक्यातली ताई