आजीलाही बैठकीला बोलवा

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

पावसाळा लागला की पालघर जिल्ह्यातल्या जव्हार-मोखाड्याच्या आदिवासी पाड्यांवरील कुपोषणाच्या बातम्या वृत्तपत्रांत येऊ लागतात. १९९२ मध्ये वावर-वांगणीतली बालके दगावली, तेव्हापासूनचा हा शिरस्ता. त्यानंतर आशा सेविका आल्या, कुपोषित मुलांसाठी ग्राम बाल विकास केंद्रे आली, गरोदर बायकांना बाळंतपणाआधी दवाखान्याजवळ राहायला माहेरघर आले, गरोदर-स्तनदा मातांना जेवण देणारा अमृत आहार आला. यातल्या कशाचेच मोल मी कमी लेखत नाही. याच भागात आरोग्यसेविका म्हणून नोकरी करून मी निवृत्त झाले. पण इतक्या योजनांच्या कागदांत घरातली आजी मात्र मला कुठे फारशी दिसली नाही.

दिवाळी झाली की पाड्यावरची तरुण जोडपी भिवंडी-वसईकडे वीटभट्टीवर जातात. अंगावर पिणारे मूल सोबत जाते, चालते-बोलते झालेले पुष्कळदा आजीकडे राहते. त्याला अंगणवाडीत आणते ती. ताप भरला तर रात्रभर उशाशी बसते ती. दवाखाना गाठायचा की आधी भगताला, म्हणजे मांत्रिकाला, दाखवायचे, हेही तीच ठरवते. आणि आपण बैठक कोणाची घेतो, तर मातांची! घरात जिचा शब्द चालत नाही त्या कोवळ्या सुनेला वरच्या आहाराचे तक्ते दाखवतो; जिचा चालतो ती बाहेर पडवीत नातवंडे खेळवत बसलेली असते. बाळाला चिकाचे दूध द्या, असे मी सुनांना कानीकपाळी ओरडून सांगत असे. शेवटी एका सुईणबाईनेच मला सुनावले, ‘बाई, तू सांगून जातेस, मग ती मलाच येऊन विचारते.’ पुढे मी आधी तिच्याशीच बोलू लागले.

आजीला फक्त शिकवायचेच आहे असेही नाही. पहिल्या पावसात जंगलात शेवळ ही रानभाजी उगवते. नुसते शिजवले तर घसा खाजून जीव नकोसा होतो. वारली म्हातारी सोबत काकडाच्या झाडाची आंबट फळेही आणते. त्यांचा रस पडला की खाज मरते. कोणता कोंब खुडायचा, कोणता बीजासाठी ठेवायचा, बाळंतिणीला नागलीची (नाचणीची) आंबील कधी सुरू करायची, हे तिला कोणी तक्त्यावर दाखवलेले नाही. शंभर ग्रॅम नागलीत ३०० मिलिग्रॅमहून जास्त कॅल्शियम असते, तांदळात नावापुरते. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे महादेव कोळी समाजातल्या. रासायनिक फवारणीचे खाऊन नातू आजारी पडतो, या काळजीतून गावरान बियाणे जपायला लागल्याचे त्या सांगतात. २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. ऑगस्टमध्ये रानभाजी महोत्सव भरतात, त्यात अशा बायकांसोबत फोटो निघतात. त्यांच्यातल्या एखादीला अंगणवाडीच्या आहाराबद्दल कोणी काही विचारल्याचे माझ्या तरी पाहण्यात नाही.

म्हातारे माणूस सांगेल ते सगळे खरे, असे मात्र मी म्हणणार नाही. मेळघाटात पोट फुगलेल्या बाळाला तापल्या सळईचे डाग देतात, त्याला घरातल्या वडीलधाऱ्यांची संमती असतेच. पण हे थांबवायचे तर बोलावे लागेल ते त्यांच्याशीच. सुनेला दटावून डाग थांबत नाहीत.

डॉ. अभय व डॉ. राणी बंग या दांपत्याने गडचिरोलीत घरोघरी नवजात बाळांची काळजी घेण्याचा जो प्रयोग केला, त्यात गावच्या सुईणींना बाजूला सारले नव्हते, सोबत घेतले होते. तिसऱ्या वर्षापर्यंत तिथले नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. १९९९ मध्ये ते ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. श्रेय एकट्या सुईणींचे नाही, हेही खरे. दूर कॅनडात, नुनाविक भागात, तिथल्या मूळनिवासी इन्युइट बायकांना बाळंतपणासाठी विमानाने दक्षिणेकडे नेत आणि त्या आठवडेच्या आठवडे घरापासून लांब पडून राहत. १९८६ मध्ये तिथल्या बायकांच्या आग्रहावरून पुविर्नितुक गावात प्रसूतिकेंद्र निघाले आणि इन्युइट सुईणी तिथेच तयार होऊ लागल्या.

आपल्याकडे एवढे मोठे काही उभे राहीपर्यंत थांबायची गरज नाही. मूल प्रत्यक्ष कोणाजवळ आहे, याचा रकाना अंगणवाडीच्या नोंदवहीत घालावा. स्थलांतराच्या महिन्यांत बैठक त्या आजीची घ्यावी, तीही सकाळी नको; तेव्हा ती लाकडाला गेलेली असते. आणि गरोदर सुनेसोबत माहेरघरात येणाऱ्या म्हातारीला खाट, जेवण व बुडालेल्या मजुरीचे पैसे हातात मिळतात की नाही, हे जिल्हा परिषदेने एकदा अचानक जाऊन पाहावे.

आपली,
एक निवृत्त आरोग्यसेविका, जि. पालघर