सभासदांसाठी सूचना : गुरुवारचं पाणी आणि मेट्रो

सर्व सभासदांस नमस्कार.

पुण्याला पाणी देणारी खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर ही चारही धरणं भरली तरी तेच पाणी पुढच्या पावसाळ्यापर्यंत पुरवायचं असतं, आणि त्यातूनच शेतीची आवर्तनंही सुटतात. म्हणून एक विनंती. गुरुवारी पाणी बंद असल्याचा मेसेज आला की बुधवारी रात्री पिंप, बादल्या, पातेली काठोकाठ भरायची आणि शुक्रवारी ते ‘शिळं’ म्हणून मोरीत ओतायचं, हे कृपया थांबवा. पाणी एका दिवसात शिळं होत नाही. आरओ मशीनची वाया जाणाऱ्या पाण्याची नळी बादलीत सोडा. ते पाणी लादी पुसायला, संडासात चालतं. गाड्या पाइप लावून धुऊ नयेत, ओल्या फडक्याने पुसाव्यात. गच्चीवरची टाकी वाहताना दिसली तर ग्रुपवर फोटो टाकण्याआधी वॉचमनला पंप बंद करायला सांगा!

मेट्रोबद्दल काहींनी विचारलं होतं. स्वारगेटपर्यंतचा भुयारी मार्ग सप्टेंबर २०२४ पासून सुरू आहे. वनाजहून बसणाऱ्यांनी जिल्हा न्यायालय स्थानकात गाडी बदलावी. तिथे बरंच खाली उतरावं लागतं, ज्येष्ठांनी लिफ्टच घ्यावी. स्वारगेटला एसटी आणि पीएमपी (शहर बस) दोन्ही जवळ आहेत.

– सचिव