जर्नलमधली काळजी हातात कधी उतरणार? शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

माननीय शिक्षणमंत्री महोदय,
सादर नमस्कार.

मी रसायनशास्त्र शिकवते. प्रात्यक्षिकाच्या तासाचा एक प्रसंग आधी सांगते, म्हणजे पत्र का लिहिलं ते कळेल.

अनुमापन, म्हणजे द्रावण थेंबाथेंबाने सोडून दुसऱ्या द्रावणाचं प्रमाण मोजणं, चाललं होतं. एक मुलगी ब्युरेट, म्हणजे त्यासाठीची खुणांची काचनळी, भरत होती. सोडियम हायड्रॉक्साइड या अल्कलीचं द्रावण नरसाळ्यातून उसळलं आणि तिच्या उजव्या डोळ्यात गेलं. गॉगल होता, पण कपाळावर सरकवलेला. नळ पाच पावलांवर. ती नळाकडे गेली नाही. डोळा चोळत, दोन टेबलं ओलांडून माझ्याकडे आली आणि म्हणाली, "मॅडम, डोळ्यात काहीतरी गेलंय." तिला ओढतच नळापाशी नेलं, पापण्या बोटांनी उघड्या धरल्या आणि घड्याळ लावून १५ मिनिटं पाणी सोडत राहिले. मग डॉक्टर. डोळा वाचला.

संध्याकाळी जर्नलं तपासताना तिचं जर्नल हाती आलं. 'घ्यावयाची काळजी' या मथळ्याखाली वळणदार अक्षरात लिहिलेलं : 'डोळ्यात रसायन गेल्यास त्वरित भरपूर पाण्याने धुवावे.' माझी लाल सही त्याखाली होती.

अ‍ॅसिडला (आम्लाला) मुलं घाबरतात, त्याच्या उलट गुणाच्या अल्कलीला नाही. डोळ्याच्या बाबतीत मात्र अल्कली बहुतेक वेळा जास्त घातक. आम्लामुळे वरवरची प्रथिनं साकळतात आणि त्याची पुढची वाट काहीशी अडते. अल्कली पेशींच्या आवरणातल्या मेदाचा साबण करत आत आत उतरतं. चोळलेल्या, वाया गेलेल्या प्रत्येक सेकंदाची किंमत तिथे मोजावी लागते. ही माहिती पाठ असून भागत नाही, पायांना नळाची वाट ठाऊक हवी.

त्यानंतर मी वरच्या वर्गातल्या मुलांना रसायनांच्या लेबलांवरची धोक्याची दोन चिन्हं दाखवली. एक नुसती ज्योत, दुसरी वर्तुळावरची ज्योत. सगळ्यांचं उत्तर एकच : "आग!" पहिलं चिन्ह स्वतः पेट घेणाऱ्या पदार्थाचं, जसं इथेनॉल. दुसरं, दुसऱ्याची आग भडकवणाऱ्या ऑक्सिडीकारकाचं, जसं पोटॅशियम परमँगनेट. ही दोन शेजारी शेजारी ठेवायची नसतात, हे त्या चिन्हांवरूनच कळायला हवं. लाल चौकटीतली अशी एकूण ९ चिन्हं आहेत. संयुक्त राष्ट्रांनी २००३ मध्ये ही पद्धत प्रसिद्ध केली, ती जगभर एकसारखी वाचता यावी म्हणून. आवर्तसारणी घोकणाऱ्या मुलांना ही ९ चित्रं जड नाहीत. त्यांना ती कुणी विचारतच नाही. रसायनासोबत येणाऱ्या सुरक्षा माहितीपत्रकाचीही तीच गत. त्याचे १६ भाग असतात, चौथा प्रथमोपचाराचा. आणि पत्रक असतं कुलूपबंद कपाटातल्या फायलीत.

साहेब, अपघात झाला की पहिली सूचना येते, 'रसायनं बंद करा, व्हिडिओ दाखवा.' कृपा करून ते करू नका. शाळा सुटली तरी रसायनं सुटत नाहीत. घरातलं ब्लीच आणि संडास साफ करायचं अ‍ॅसिड 'दोन्ही मिळून जास्त स्वच्छ होईल' म्हणून कुणी एकत्र ओततं, आणि दार लावलेल्या मोरीत क्लोरीन वायू तयार होतो. ज्याला लेबल वाचायची सवय आहे, तो तिथे थांबेल.

दुसरी सूचना असते सुरक्षा साहित्याच्या खरेदीची. साहित्य हवंच. पण ऑगस्ट १९९६ मध्ये अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजच्या प्राध्यापक कॅरन वेटरहान यांच्या लॅटेक्सच्या हातमोज्यावर डायमिथाइल मर्क्युरी या पाऱ्याच्या अतिविषारी संयुगाचे मोजके थेंब पडले, आणि ते हातमोज्यातून आरपार गेले. जून १९९७ मध्ये त्यांचा मृत्यू झाला. त्या विषारी धातूंच्याच अभ्यासक होत्या, आणि असा हातमोजा इथे पुरत नाही हे तेव्हा माहीत नव्हतं. आज माहीत आहे. तरी आपण 'हातमोजे घालावेत' एवढंच लिहून घेतो. कुठल्या रसायनाला कुठला हातमोजा, हे विचारायला शिकवत नाही.

माझं मागणं एकच आहे. सुरक्षितता प्रात्यक्षिक परीक्षेत आणा, स्वतंत्र गुणांसह. पहिली दोन प्रात्यक्षिकं नुसत्या पाण्यावर होऊ द्यात. बाटलीत पाणी, पण वर खऱ्या रसायनाचं लेबल. मुलाने ते वाचून सांगावं, धोका काय, शेजारी काय ठेवायचं नाही, सांडलं तर काय करायचं. मग 'आम्ल' पाण्यात ओतून दाखवावं, पाणी आम्लात नव्हे. संहत (तीव्र, पाणी न मिसळलेल्या) सल्फ्युरिक आम्लात पाणी घातलं की उष्णतेने ते उकळून अंगावर उडतं. ही चूक पाण्यावरच होऊन जाऊ दे.

आणि या प्रशिक्षणात प्रयोगशाळा परिचरांना विसरू नका. संहत आम्लाच्या मोठ्या बाटल्या तेच उचलतात, छोट्या बाटल्या तेच भरतात. वाफांनी लेबल खाल्लेली बाटली कशाची, हे वास घेऊन ओळखणारे परिचर मी पाहिले आहेत. त्यांना यातला धोका कुणीच समजावलेला नव्हता.

पुढच्या सत्राच्या पहिल्या तासाला माझ्या वर्गातला प्रत्येक जण डोळे मिटून आपल्या टेबलापासून नळापर्यंत जाईल. किती सेकंद लागले ते जर्नलमध्ये लिहील, मी सही करीन. त्याला परीक्षेत गुण देणं माझ्या हातात नाही. ते आपण करावं, ही विनंती.

आपली,
रसायनशास्त्राची एक शिक्षिका