ताईस, तुझ्या लेकाच्या फोनबद्दल

रामबाग, इंदूर

चि. ताईस अनेक आशीर्वाद.

हे पत्र तुझ्या चिरंजीवांच्या बॅगेत कपड्यांखाली ठेवते आहे. फोनवर बोलायला घेतलं की तुला ऑफिसचा दुसरा फोन येतो, म्हणून लिहूनच टाकलं.

सुट्टीभर तुझा एकच प्रश्न: आज किती तास झाले? तू पुण्याहून फॅमिली लिंकवर, म्हणजे मुलांच्या फोनवर लक्ष ठेवायच्या त्या ॲपवर, दोन तासांची मर्यादा घातलीस. ती संपली की तो जादा वेळ मागतो, ती मागणी ऐन मीटिंगमध्ये तुझ्या फोनवर वाजते आणि मग मायलेकांचं वाजतं. मला तासांचं एवढं वाटत नाही. बघू दे की मॅच. मला खटकतं ते बीजगणिताचं उदाहरण सोडवताना दर दोन ओळींनी होणारं टिंग. आलेलं तो वाचतोच असं नाही, पण मान वळते आणि ‘क्ष’ कुठे राहिला ते पुन्हा शोधावं लागतं.

म्हणून एका दुपारी आम्ही दोघं त्याच्या फोनच्या सेटिंगमध्ये शिरलो. तिथे फोनच्या वापराचा हिशेब ठेवणारं डिजिटल वेलबीइंग असतं, त्यात कुठल्या ॲपची किती नोटिफिकेशन्स आली तेही दिसतं. त्याला वाटायचं, मित्रच फार मेसेज करतात. यादीत सगळ्यात वर निघालं क्रिकेटचा स्कोअर सांगणारं ॲप, त्याखालोखाल जेवण मागवायचं! पोरगं जेवलं की नाही याची काळजी माझ्यापेक्षा त्या ॲपलाच जास्त. २०२२ च्या अँड्रॉइड १३ पासून नवीन ॲपला नोटिफिकेशनसाठी आधी परवानगी मागावी लागते, पण पोरं वाचतात कुठे, ‘अलाऊ’ दाबून मोकळी. ज्याच्यामागे माणूस नाही ते बंद, असा नियम त्याने केला. मी नव्हे, त्याने. जेवणाच्या ॲपमधल्या ऑफर बंद केल्या, ऑर्डर कुठवर आली तेवढं चालू ठेवलं. वर्गाचा व्हॉट्सॲप ग्रुप कायमचा म्यूट.

अडलं ते स्नॅपचॅटच्या स्ट्रीकपाशी. दोघांनी चोवीस तासांत एकमेकांना एक तरी स्नॅप, म्हणजे फोटो, पाठवायचा, चुकला की साठलेला दिवसांचा आकडा गेला. वेळ संपत आली की नावापुढे वाळूचं घड्याळ येतं. हा पठ्ठ्या दात घासायच्या आधी आपल्या हॉलमधल्या पंख्याचा फोटो काढून सगळ्यांना पाठवायचा. समोरून कुणाचा गुडघा, कुणाची उशी. मी हसले तर म्हणाला, “आजी, मी तोडली तर त्यांना वाटेल मला मैत्री नकोय.” यावर काय बोलावं ते मला अजून सुचलेलं नाही. जवळच्या दोघांच्या ठेवून बाकीच्या त्याने आपणहून सोडल्या आहेत. उरलेल्यांना तू लगेच हात लावू नकोस.

इन्स्टाग्रामने २०२४ मध्ये अल्पवयीनांसाठी वेगळी खाती जाहीर केली, आपल्याकडे ती २०२५ मध्ये आली. त्यात रात्री दहा ते सकाळी सात नोटिफिकेशन्स गप्प असतात, आणि सोळाच्या आतल्या मुलाला बंधनं सैल करायला आईबापांची परवानगी लागते. त्याने वय खरं टाकलंय ना, तेवढं बघ. अठराचा होऊन बसला असेल तर सगळं फुकट. (इथे रात्री दहाला सराफ्यातल्या खाऊगल्लीला कुठे रंग चढायला लागतो. भुट्ट्याचा कीस खाताना त्याला फोन आठवलासुद्धा नाही, असं लिहायचा मोह होतोय. पण आठवला. प्लेटचा फोटो काढलाच.)

आता तुझं. माणसांमध्ये त्याला सर्वांत जास्त मेसेज येतात ते तुझे. ‘डबा खाल्लास?’, ‘क्लासला पोचलास?’, आणि दोन मिनिटांत उत्तर नाही आलं की लगेच फोन. नियमाप्रमाणे ते त्याने चालू ठेवलेत. तर तू संध्याकाळी एकदाच सगळं विचारत जा. आणि मर्यादेचा आकडा नव्याने टाकायच्या आधी त्याच्याशेजारी बसून ती यादी एकदा बघ.

परवा गाडीत बाबा सोबत आहेत. दर स्टेशनला फोन करू नकोस, पोचला की तो करेल. पिशवीत लवंगी शेव आहे, त्यातली एक पुडी तुझ्या शेजारणीची.

तुझी
आई